ओ कुणाला दिलीस, सुमन?

सुमन, तू गेल्यापासून माझ्याकडे जो येतो तो आधी तुझ्या आजारपणाचं बोलतो, मग चहा पितो, आणि कप खाली ठेवता ठेवता हळूच विचारतो, "शेवटी काही बोलल्या का हो?" त्यांना काय हवंय ते मला कळतं. इतकं प्रार्थना करणारं माणूस गेलं म्हणजे जाताना एखादं वचन तरी तोंडात असणार, निदान प्रभूचं नाव. मी सांगते, काही नाही, झोपेतच गेली. आणि पटकन कप उचलून आत जाते, कारण तोंडावर खोटं टिकवून धरणं मला कधी जमलं नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत.

तू बोललीस. एकच अक्षर बोललीस. आशागडच्या तुझ्या घरात, भर दुपारी. खिडकीबाहेरच्या चिकूवाडीत पाण्याचा पंप चालू होता आणि मी तुझ्या उशाशी बसून मोसंबी सोलत होते. तुला द्यायला नव्हे, तू तर पाण्याचा थेंबही घेत नव्हतीस. हाताला काहीतरी काम हवं म्हणून. तुझे डोळे सकाळपासून मिटलेले. आणि तू एकदम, मोठ्याने नाही पण अगदी स्पष्ट, म्हणालीस, "ओ."

मी तुला हाक मारली नव्हती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी उठून दारात गेले, कोण आलंय बघायला. अंगणात उन्हाशिवाय काही नव्हतं. मागे फिरले तर तू गेलेली होतीस.

त्या गोंधळात मी हे दोन माणसांना सांगून बसले. एक आपले पास्टर, दुसरा तुझा भाऊ लहानूदादा. पास्टर म्हणाले, बाई, हीच तर साक्ष. ज्याची वाट बघत होत्या त्याने हाक मारली आणि त्यांनी ओ दिली. स्मरणसभेत तुम्ही उठून एवढंच सांगा. लहानूदादा मात्र "आयने नेली तिला," म्हणाला. तुला माती देऊन झाल्यावर तो वेवजीला परत गेला तो गप्पच झाला. त्याची सून फोनवर सांगते, बाबा कुणाच्याच हाकेला ओ देत नाहीत. जेवायला बोलावलं तरी नुसते बसून राहतात, जवळ जाऊन हाताला धरून उठवावं लागतं.

म्हणजे बघ, एका अक्षराचे दोन मालक, आणि खोलीत होते मी एकटी. देवाने हाक मारली असेल तर मी सभेत उभं राहून सांगायला पाहिजे. कधीच गेलेल्या तुझ्या आईने मारली असेल तर तुझ्या भावाचं भय खरं. आणि कुणीच मारली नसेल, तो नुसता घशातून निघालेला वारा असेल, तर शेवटचे इतके महिने तू ज्याच्यासाठी कान लावून पडली होतीस तो आलाच नाही. मला हे तिसरं सहन होत नाही. तू मेलीस हे एक वेळ सहन होईल, माणसं मरतात, मीही आता काही कोवळी राहिलेली नाही. पण तू वाट बघत बघत मेलीस, हे मला सहन होत नाही.

आपली ओळखच या 'ओ'वरून झाली, आठवतं? मी नगरहून आलेली, तोंडाळ, तळासरीकडच्या त्या शाळेत नवी. नवरा रेल्वेत, त्याला डहाणू रोडला क्वार्टर मिळालं म्हणून मी बदली मागून घेतली होती. पहिल्याच आठवड्यात मैदानात एका मुलीला पाठीमागून हाक मारली. ढिम्म. पुन्हा मारली. तिने मानसुद्धा वळवली नाही. दुसरीला मारली, तीही तशीच. मी तणतणत स्टाफरूममध्ये आले आणि म्हटलं, या शाळेत निम्म्या पोरांचे कान तपासून घेतले पाहिजेत. तू कोपऱ्यात पेपर तपासत होतीस. वर न बघता म्हणालीस, "बाई, कान चांगले आहेत त्यांचे. समोर जाऊन बोलवा. नाहीतर तीनदा बोलवा."

मग तू तो नियम सांगितलास. हाक मारणारं दिसत नसेल तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्याही नाही. भूत एकदा बोलावतं, फार तर दोनदा; तिसरी हाक त्याला मारता येत नाही. तीनदा बोलावणारं माणूसच असतं. आणि चुकून पहिल्या हाकेला ओ गेली की मग त्याच्यामागे जावंच लागतं, सुटका नाही. मी हसले. आमच्याकडेही म्हाताऱ्या असलं काही बोलायच्या, पण आम्ही मिशन कंपाउंडमधली पोरं, असलं ऐकलं की हसायचं एवढं आम्हाला पक्कं ठाऊक. तू हसली नाहीस. पुढे पुष्कळ दिवसांनी, शाळा सुटल्यावर गाडीची वाट बघत उभ्या होतो तेव्हा, सांगितलंस. तुमची आय दिवेलागणीला चुलीवर भात ठेवून बसली होती. बांधापलीकडून कुणीतरी तिचं नाव घेतलं. ती ओ देऊन गेली आणि सकाळी ओहोळाकाठी सापडली, अंगावर ओरखडाही नाही. तू तेव्हा चुलीपाशीच होतीस. भात करपला तरी मी उठले नाही, एवढंच म्हणालीस, आणि आपली गाडी आली.

रविवारी संध्याकाळी आमच्या घरी दोन-चार कुटुंबं प्रार्थनेला जमायची. तू यायला लागलीस ती काही मी आग्रह केला म्हणून नाही. माझा नवरा गेला, मी एकटी पडले, आणि तू सोबतीला म्हणून येऊन मागे भिंतीला टेकून बसायचीस. तुला कुणी काही विचारलं नाही, हे आमच्या लोकांनी एक बरं केलं. अशाच एका रविवारी मी मुलांना शास्त्रातली ती गोष्ट सांगत होते, लहानपणापासून ऐकून ऐकून गुळगुळीत झालेली. मंदिरात वाढणारा एक मुलगा. तो अंथरुणावर पडलेला असताना कुणीतरी त्याला नावाने हाक मारतं. तो उठून म्हाताऱ्या याजकाकडे धावतो, मला बोलावलंत ना? म्हातारा म्हणतो, नाही बाबा, जा झोप. असं पुन्हा होतं, पुन्हा होतं. शेवटी म्हाताऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडतो की हा देव बोलावतोय. तो मुलाला शिकवतो, आता हाक आली की ओ दे, ऐकतोय म्हण. मी हातवारे करून, आवाज काढून सांगत होते, मला वाटत होतं गोष्ट काय रंगलीय. आणि मागून तू म्हणालीस, "काळोखात हाक आली आणि पोराने पहिल्याच वेळी ओ दिली? त्याला घरच्यांनी काही शिकवलं नव्हतं?"

मुलं हसली. मी तुझ्याकडे बघितलं. तुझा चेहरा पांढराफटक पडला होता. मी जन्मभर ती गोष्ट संडे स्कूलच्या रंगीत चित्रासारखी बघत आले; तिच्यात भ्यायचं काही आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तू तेवढ्यावर थांबली नाहीस. म्हणालीस, तो म्हातारा तरी कसला, स्वतःला ऐकू आलं नाही आणि पोराला म्हणतो तू ओ दे. मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही, बहुतेक जोरात दिलं असणार. आपला वाद तिथून सुरू झाला आणि अजून मिटलेला नाही.

ओ द्यायला तू शिकलीस ती फार हळूहळू. आधी तू नुसती बसायचीस. शाळा सुटली, पोरं पांगली, की व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन, काही न करता. मला वाटायचं दमलीय. मग एका रविवारी प्रार्थनेत तुझी पाळी आली. बाकीचे सगळे हे पित्या, हे प्रभू असं सुरू करतात. तू माझ्या पदराचं टोक मुठीत धरलंस, डोळे मिटलेस, म्हणालीस, "ओ," आणि गप्प. आम्ही वाट बघतोय पुढे काय, तर पुढे काहीच नाही. बऱ्याच वेळाने आमेन. माझ्या पदराला तुझ्या घामाचा डाग पडला होता. लोक गेल्यावर मी तुला धारेवर धरलं, हे काय नवीन काढलंस? तू म्हणालीस, "बाई, तुम्ही त्याला हाका मारता. मला वाटतं हाक त्याची असते. आपली नुसती ओ."

तुझं ते वाक्य मी तेव्हा उडवून लावलं आणि मग कित्येक वर्षं त्याच्यावर जगले. माझी प्रार्थना म्हणजे वरिष्ठांना अर्ज असायचा: महोदय, विषय, मागण्या, आपली नम्र. अर्ज टाकला की मी निघाले. उत्तर येतंय का हे बघायला थांबायचं असतं हे मला नगरच्या एवढ्या मोठ्या चर्चमध्ये कुणी शिकवलं नाही, ते तुझ्या मुठीतल्या पदराने शिकवलं. हे तुला तोंडावर कधी बोलले नाही. तू फुशारली नसतीस, मलाच अवघड झालं असतं.

आणि मग ती तुझी "नाव आलं"ची भानगड. देव तुझ्याशी वाक्यांत बोलायचा नाही, तू तसं कधी म्हणालीही नाहीस. तसं म्हणणारी माणसं आपल्यात होती. त्यांना तर तो आमटीत मीठ किती घालायचं तेही सांगायचा. तुला फक्त एखादं नाव यायचं. शांत बसलं की कुणाचं तरी नाव मनात यायचं, आणि तू उठून त्या माणसाकडे जायचीस. लहानूदादाचं आलं की वेवजीची गाडी पकडायचीस. तू प्रार्थनेला जातेस, घरच्या देवांपुढे हात जोडत नाहीस, याचा त्याला राग होता, पण तू दारात येऊन "दादा, तुझं नाव आलं" म्हटलंस की त्याला रागावता यायचं नाही. माझ्याकडे तर किती वेळा आलीस. नवरा जाऊन वर्ष झालं त्या दिवशी मी कुणाला काही बोलले नव्हते, दार लावून बसले होते. तू आलीस, न विचारता भाकऱ्या थापल्यास, एक माझ्यापुढे ठेवलीस आणि गेलीस. मी तुला धड बससुद्धा म्हटलं नाही. आज म्हणते. बस गं. फार बरं केलंस आलीस ते.

मी वाद घालायचे. हे तुझंच मन नसेल कशावरून? तू म्हणायचीस, माझं मन मला बोलवत नाही बाई, ते हुकूम सोडतं. मी म्हणायचे, आणि चुकलं तर? तर चुकायचंच की. एकदा तर तुला माणसाचं नाव न येता गावाचं आलं, अच्छाड. तू तिथे उतरलीस, सीमेवरच्या नाक्याला, आणि ट्रकांच्या रांगेशेजारी एका धाब्याच्या बाकावर दुपारभर बसलीस. कुणी आलं नाही, काही घडलं नाही. धाबेवाल्याने शेवटी गुजरातीत विचारलं, बेन, कोनी राह जुओ छो? कुणाची वाट बघतेस याचं तुला उत्तर देता येईना. धूळ खाऊन परत आलीस. मी वर्षभर तुला पिडलं, देवाची जकात भरायची राहिली होती का म्हणून. तू चिडली नाहीस. "ओ दिली तर चुकू शकतं," म्हणालीस, "दिलीच नाही तर चुकत पण नाही." यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही, आणि आता सुचलं तरी सांगू कुणाला.

गेल्या दिवाळीनंतर तुझं पोट दुखायला लागलं. त्याच सुमाराला एकदा म्हणालीस, "बाई, हल्ली ऐकू येत नाही." माझं मेलीचं डोकं कानांवरच जायचं. दुसऱ्याच दिवशी तुला धरून कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने मळ काढला, यंत्र लावून तपासलं, म्हणाला, कान उत्तम आहेत. बाहेर आल्यावर तू हसायला लागलीस, रिक्षा स्टँडवर, खांबाला धरून. इतकी हसलीस की मलाही हसू आवरेना. आणि हसता हसता तू रडायला लागलीस.

"कानांचं नव्हतं म्हटलं, बाई. नावं येत नाहीत."

आजार वाढला, तू अंथरुणाला खिळलीस, तरी रोज डोळे मिटून ओ म्हणायचीस आणि वाट बघायचीस. मी एकदा वैतागून म्हटलं, हाकच नाही तर ओ कशाला? सवय सुटायला नको, म्हणालीस. मला देवाचा असा संताप आला. जिने आईला अशी जाताना पाहिलं, तरी त्याच्यासाठी जीव मुठीत धरून तोंड उघडलं, तिला यानं शेवटी ताटकळत ठेवावं? मी त्याला तसं बोलले, चांगलं मोठ्याने, स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्यांच्या वर. तुला सांगितलं नाही. तुझ्यासमोर मी सगळं नीट होईल म्हणत राहिले, आणि तू माझ्याकडे बघून मान हलवत राहिलीस. शेवटच्या दिवसांत तर तू ओ म्हणायचंही सोडून दिलं होतंस. म्हणून तर त्या दुपारी मी दचकले.

पास्टर परवा पुन्हा येऊन गेले. चांगला मुलगा आहे, तळमळीचा. म्हणाले, सुमनबाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांची नावं ऐकली, शेवटी त्यांचं स्वतःचं नाव आलं. केवढी सुंदर साक्ष आहे. सुंदर आहेच. इतकी सुंदर आहे की मला संशय येतो. मी म्हटलं, मी खोलीत होते, मला हाक ऐकू आली नाही. जी ऐकलीच नाही तिची साक्ष कशी देऊ? ते म्हणाले, ओ तर ऐकलीत.

आणि पास्टरांना सांगितलं नाही ते तुला सांगते. तू गेल्यानंतर थोड्याच दिवसांत हे सुरू झालं. दुपारी चारच्या सुमाराला, चहाचं आधण ठेवलं की, मागून "बाई" अशी हाक येते. एकदाच. आवाज तुझा आहे असंही म्हणवत नाही, आणि नाही असंही म्हणवत नाही. पहिल्यांदा शेजारीण असेल म्हणून मागच्या दारात गेले. दोरीवर कपडे वाळत होते, बस. आता जात नाही. साखरेचा डबा हातात धरून उभी राहते आणि पुढच्या हाकेची वाट बघते. पुढची येत नाही. पंखा बंद करून पाहिला, टीव्ही बंद करून पाहिला. सुमन, मी तीन पिढ्यांची ख्रिस्ती, भुताखेतांना हसत मोठी झालेली, आणि या वयात तुमच्या पाड्याचा नियम माझ्या घशाशी येऊन बसलाय. ओ ओठांपर्यंत येते आणि मी गिळून टाकते. तू एवढ्या वर्षांनी जी भीती टाकलीस ती जाताना माझ्याकडे ठेवून गेलीस की काय, असं मनात येतं आणि मग तुझाच राग येतो. घर खायला उठतं गं.

काल वेवजीला गेले. सभा रविवारी आहे, त्याआधी लहानूदादाला भेटणं भाग होतं. तो अंगणात खाटेवर बसला होता, तुझ्यासारखाच पाठ ताठ ठेवून. मी मुद्दाम समोरून गेले, हाक न मारता. सुनेने पाणी आणून दिलं आणि ती आत गेली. मग तोच म्हणाला, "बाय, तू होतीस तिथं. तिनं पहिल्याच हाकेला ओ दिली ना? आयसारखी?"

मी तयारी करून गेले होते. प्रभूचं, आशेचं, पुष्कळ सांगायचं ठरवलं होतं. पण त्याचा प्रश्न निराळाच निघाला. कुणी बोलावलं हे तो विचारतच नव्हता, त्याच्या मनात ते पक्कं होतं. कितव्या हाकेला ओ दिली, हे त्याला हवं होतं. आणि ते मला आजवर कुणी विचारलं नव्हतं, माझं मलाही सुचलं नव्हतं. मी डोळे मिटून ती दुपार पुन्हा ऐकली. तुझ्या ओ मला सगळ्या पाठ आहेत. शाळेत द्यायचीस ती आखूड, तोडून टाकलेली. भावाला द्यायचीस ती लांब. प्रार्थनेतली हळू, थोडी भ्यालेली, ती भीती शेवटपर्यंत पुरती गेली नव्हती. त्या दुपारची यातली कुठलीच नव्हती. ती होती हात पिठात असताना देतात तशी. आधी दोनदा बोलावून झालेलं असतं, आपल्याला ऐकू आलेलं नसतं किंवा आलेलं असतं पण उठवत नसतं, आणि पुन्हा नाव घेतल्यावर आपण म्हणतो ना, हो हो, आले, ऐकलं, तशी. जराशी त्रासलेली.

मी त्याला हे असंच सांगितलं. तो मग म्हणाला, "काढून दाखव."

मला कळेना.

"कशी दिली ती. तशीच काढून दाखव."

मी निवृत्त शिक्षिका, केस पिकलेली बाई, त्या अंगणात उभी राहिले. बसून जमेना म्हणून उठले. तोंड उघडलं तर इतके दिवस गिळलेली ओ बाहेर यायला तयार नाही, नुसती हवा आली. मी पुन्हा प्रयत्न केला आणि मग आली. तुझीच आली, सुमन, माझ्या घशातून, त्रासलेली, घरातली, भीतीचा मागमूस नसलेली. आतून त्याची सून दारात आली, कोण बोललं म्हणून बघायला, आणि आमच्याकडे बघून काही न विचारता आत गेली.

लहानूदादाने पंचा तोंडावर धरला. त्याचे खांदे हलत होते. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. शेवटी तो म्हणाला, "तिसरीचीच आहे." आणि थोड्या वेळाने, "तिसरी भुताची नसते. आपलंच माणूस होतं कुणीतरी." कोण, ते त्याने विचारलं नाही आणि मीही माझं उत्तर त्याच्या गळ्यात बांधलं नाही.

माझ्या डोक्यात मात्र भलतंच सुरू झालं होतं. ती तिसरी असेल, तर पहिल्या दोन कधी झाल्या? तू म्हणत होतीस नावं येत नाहीत, काही ऐकू येत नाही. मग त्याच दिवसांत कुणी तुला बोलावून गेलं होतं का? आपण रिक्षा स्टँडवर रडत होतो तेव्हा? मी कुकरच्या वर आवाज चढवून त्याच्याशी भांडत होते तेव्हा? अंगावर सरसरून काटा आला. आणि खोटं कशाला बोलू, तू गेल्यापासून पहिल्यांदा मला आतून आनंद झाला. भीती आणि आनंद एकाच वेळी होऊ शकतात हे मला माहीत नव्हतं. तुला बहुतेक पहिल्यापासून माहीत असावं.

सुनेने आतून जेवायला हाक मारली. लहानूदादा ओ म्हणाला आणि उठला, इतक्या सहज की त्याचं त्यालाही कळलं नाही. आम्ही भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण जेवलो. तो दोनदा भात मागून जेवला.

निघताना तो मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. का कुणास ठाऊक, मी त्याला माझ्या त्या चारच्या हाकेचं सांगून टाकलं. त्याने हसण्यावारी न्यावं अशी माझी फार इच्छा होती. त्याने नेलं नाही. विचारलं, "किती होतात?"

मी म्हटलं, एकच होते, म्हणून तर ओ देत नाही.

"एकच, पण रोज?"

"रोज."

त्याने बोटांवर मोजलं. मग शाळेतल्या पोराची बेरीज चुकल्यावर आपण बघतो तसं माझ्याकडे बघून म्हणाला, "मग तीन कधीच्या झाल्या, बाय."

गाडी येईपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे होतो, आणि गाडीत बसल्यावर डहाणू कधी आलं ते मला समजलं नाही. आज सकाळपासून घरात आहे. बाजारात जायचं होतं, गेले नाही. रविवारी सभेत उभी राहून काय बोलेन ते अजून ठरलेलं नाही, त्याची आता तेवढी काळजीही वाटत नाही. चार वाजत आलेत, सुमन. बोलावणारं कोण आहे ते मला अजून माहीत नाही. पण आज मी ओ देणार आहे.